सुपरकारचा रंग कसा ठरवावा: नाव शेवटी, आधी बाकी सगळं

सुपरकारची ऑर्डर देताना सगळ्यात जास्त चर्चा रंगावर होते आणि पुढे सगळ्यात जास्त चुटपुटही रंगाचीच लागून राहते. कारण बहुतेक जण सुरुवातच नावापासून करतात. लाल हवी, नाहीतर तो परवा पाहिलेला हिरवा हवा, असं एकदा डोक्यात बसलं की चाकं, कॅलिपर (चाकाआड दिसणारी ब्रेकची पकड), आतलं लेदर, कार्बनचे भाग सगळं त्या नावामागे फरफटत जातं. क्रम उलटा धरा. गाडी वापरणार कशी, तिचा आकार काय मागतो, रंगाचा थर कुठल्या जातीचा हवा, ती कुठल्या उजेडात दिसणार, हे आधी ठरवा. एवढं झालं की पाच-सहा छटाच उरतात, आणि त्यातली कुठलीही घेतली तरी सहसा पस्तावा होत नाही.

पायरी १: वापर ठरवा, तोही खरा

गाडी ट्रॅकवर जाणार असेल तर पुढचं नाक, चाकांच्या मागचा भाग आणि मागची रुंद फेंडर यांना खडीचा मार बसणार. रुंद, चिकट टायर रस्त्यावरचे खडे उचलून स्वतःच्याच गाडीवर फेकतात. रोज ऑफिसला नेणार असाल तर धूळ आणि धुण्याच्या बारीक ओरखड्यांचा हिशोब करा. महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर काढणार असाल तर जवळजवळ काहीही चालतं. आणि दोन वर्षांत विकायची की कायमची ठेवायची, हेही आत्ताच ठरवा. या चार ओळी कागदावर लिहून ठेवा. शोरूममध्ये कॉफी पुढ्यात आली की माणूस स्वतःशीच खोटं बोलायला लागतो.

पायरी २: आकार वाचा

तुमच्या मॉडेलचे चारही बाजूंचे फोटो घ्या आणि फोनवर ते कृष्णधवल करा. रंग गेला की एक गोष्ट लगेच दिसते: आजच्या सुपरकारचा बराचसा भाग रंगवलेला नसतोच. पुढचा स्प्लिटर (बंपरखालची पातळ पट्टी), बाजूची स्कर्ट, हवेची तोंडं, इंजिनवरची जाळी, मागचा डिफ्युझर (मागच्या बंपरखालचा हवा बाहेर सोडणारा भाग) आणि काही गाड्यांचं छतसुद्धा काळं किंवा कार्बनचं असतं. म्हणजे तुम्ही एका रंगाची नव्हे, काळा अधिक एक रंग अशी जोडी निवडत असता.

फिका किंवा भडक रंग ही जोडी उघडी पाडतो. पांढऱ्या, पिवळ्या, नारिंगी गाडीवर प्रत्येक भोक, प्रत्येक जाळी ठसठशीत दिसते. डिझायनरने ती भोकं विचारपूर्वक ओढलेल्या रेषांत बसवली असतील तर हे उत्तमच. पण पुढच्या बंपरवर नुसती काळ्या तुकड्यांची गर्दी असेल तर पांढऱ्यात ती डोळ्यांत खुपते. गडद रंग हे सगळं पोटात घेतो: गडद निळ्या, गडद हिरव्या किंवा काळ्या गाडीचा बंपर आणि त्यातली तोंडं एकजीव होतात, गाडी शांत आणि अखंड वाटते. गुंतागुंतीच्या गाडीला गडद, साध्या रेषेच्या गाडीला उजळ, हा ढोबळ नियम मला आजवर फारसा दगा देत आलेला नाही.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. कडक घड्या आणि सपाट पाती असलेल्या गाडीवर साधा, चमकी नसलेला रंग जोरात उठतो, कारण प्रत्येक पातं वेगळ्या कोनातून उजेड घेतं आणि एकाच रंगाच्या चार-पाच छटा आपोआप तयार होतात. १९७१ साली जिनिव्हात लॅम्बोर्गिनीने काउंटाशचा पहिला नमुना दाखवला तो पिवळा होता. तो पाचरीसारखा आकार आणि तो सपाट पिवळा एकमेकांसाठीच होते. उलट गोल, भरीव, वळणदार अंगाच्या गाडीवर मेटॅलिक खुलतं. उजेड वळणावरून सरकताना कण आधी उजळतात, मग विझतात, आणि ते वळण आहे त्याहून खोल भासतं.

रेषा किती चांगल्या आहेत हे पाहायचं असेल तर चंदेरी आणि मधला राखाडी यांच्याइतकं प्रामाणिक काही नाही. डिझाइन स्टुडिओत मातीच्या मॉडेलवर चंदेरी फिल्म चढवून रेषा तपासतात, ते याचसाठी. काळ्याचं तंत्र वेगळं. चकचकीत काळा रंग स्वतः दिसत नाही, त्यात पडलेलं प्रतिबिंब दिसतं. म्हणून तो स्वच्छ असताना जबरदस्त आणि धुळीत अगदीच केविलवाणा. काळेपणा टोकाला नेला तर काय होतं, हे २०१९च्या फ्रँकफर्ट मोटर शोमध्ये बीएमडब्ल्यूने दाखवलं. त्यांनी एका एक्स६वर व्हँटाब्लॅक कुळातला लेप चढवला होता, जो पडलेला जवळजवळ सगळा उजेड गिळतो. दिवे, जाळी आणि काचा तेवढ्या दिसत होत्या. मधली गाडी म्हणजे एक सपाट आकृती. आकारासाठी एवढे पैसे मोजायचे आणि तो आकारच पुसून टाकायचा, हा सौदा विचार करूनच करावा.

पायरी ३: थराची जात निवडा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. कॉन्फिगरेटरमध्ये, म्हणजे पडद्यावर गाडी रचून पाहायच्या साधनात, छटा मोठ्या अक्षरात आणि थराची जात खाली बारीक अक्षरात असते. पण गाडी पाच वर्षांनी कशी दिसेल, ठोकली तर किती खर्च येईल, धुवायची कशी, हे सगळं ती जात ठरवते.

आधी थरांची रचना. खाली प्रायमर, त्यावर रंग असलेला बेस कोट, सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतं, आणि त्यात क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉन. पॉलिश करणं म्हणजे या वरच्या थरातला थोडा भाग कायमचा घासून काढणं. उन्हापासून रंग वाचवणारी द्रव्यंही याच थरात असतात, म्हणून वारंवार बफिंग करून घेणाऱ्यांनी जरा जपून.

साधा रंग, म्हणजे सॉलिड. यात फक्त रंगद्रव्य, चमकी नाही. फेरारीचा रोसो कोर्सा याच जातीचा. दुरुस्तीला सगळ्यात सोपा, कारण कुठल्याही कोनातून तो तसाच दिसतो. ‘साधा’ म्हणून त्याला कमी लेखू नका. सुपरकारवर बऱ्याचदा हाच सगळ्यात धीट पर्याय ठरतो.

मेटॅलिकमध्ये बेस कोटात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म चपटे कण असतात. हे कण फवारताना ज्या कोनात आडवे पडतात त्यावर रंगाचा उजळपणा ठरतो, आणि दुरुस्तीची सगळी डोकेदुखी इथूनच सुरू होते. फवारणीच्या बंदुकीचा दाब, हाताचा वेग, थराचा ओलेपणा यातलं काहीही बदललं की कण वेगळे पडतात आणि रंगाचा कोड तोच असूनही रंग वेगळा दिसतो. म्हणून चांगला पेंटर एकटं दार रंगवत नाही. तो रंग शेजारच्या पॅनेलवर हळूहळू विरत नेतो. साध्या सेदानमध्ये हे शेजारचं पॅनेल म्हणजे एखादी फेंडर. अनेक सुपरकारमध्ये मागचं अंग हे एकच मोठं कवच असतं. छोट्याशा घासणीसाठी ते अख्खं कवच रंगवावं लागतं. डीलरला हा प्रश्न स्पष्ट विचारा: मागच्या कोपऱ्यावर ओरखडा आला तर नेमका कुठपर्यंतचा भाग रंगवणार?

पर्लमध्ये ॲल्युमिनियमऐवजी टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेले अभ्रकाचे कण असतात. चमक मऊ, कोनाप्रमाणे किंचित दुसरी छटा दाखवणारी. त्याची पुढची आवृत्ती तीन थरांची: खाली एक रंग, मध्ये अर्धपारदर्शक थर, वर क्लिअर. कँडी म्हणतात तो प्रकार याच घराण्यातला. उन्हात असा लाल आतून पेटल्यासारखा दिसतो, आणि तो तसाच्या तसा पुन्हा जुळवणं महाकठीण. मधला थर एका हाताने जास्त बसला तरी छटा गडद होते.

रंग पालटणारे पेंट हा हौशी लोकांचा प्रांत. निसानने आर३४ स्कायलाइन जीटी-आरवर मिडनाइट पर्पलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्त्या मर्यादित संख्येत दिल्या आणि आज त्या गाड्या रंगाच्या नावाने ओळखल्या जातात. जांभळ्यातून निळ्या-हिरव्याकडे, मग तपकिरीकडे जाणारा असा रंग साध्या आकारावर जादू करतो. आधीच घड्या-खाचांनी भरलेल्या गाडीवर तो गोंधळ घालतो.

आता मॅट आणि सॅटिन. २००७ साली लॅम्बोर्गिनीने रेवेंतोन आणली, ग्राहकांसाठी फक्त २०. लढाऊ विमानांवरून घेतलेला आकार आणि मॅट राखाडी-हिरवट रंग. मॅटची लाट पसरवण्यात तिचा मोठा वाटा आहे. दिसायला मॅट अप्रतिम, यात वाद नाही. पण तो होतो कसा ते समजून घ्या: वरचा क्लिअर कोट मुद्दाम सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो, त्यामुळे उजेड एका दिशेने परत न जाता विखुरतो. हा खडबडीतपणा घासला गेला की तेवढीच जागा चमकायला लागते. एखाद्या मॅट गाडीच्या दाराच्या कडेला, जिथे रोज हात लागतो तिथे, तिरकं पाहा. बोटांच्या तेलाने आणि घासण्याने तिथे गुळगुळीत पट्टा तयार झालेला दिसेल, बाकी दार पावडर लावल्यासारखं आणि तेवढा पट्टा ओला. यावर पॉलिश चालत नाही, वॅक्स चालत नाही, ब्रशवाली धुलाई तर अजिबात नाही. पक्ष्याची विष्ठा ताबडतोब काढावी लागते. ओरखडा पडला की बहुतेक वेळा अख्खं पॅनेल रंगवायचं. मॅट हवाच असेल तर एक पळवाट आहे: गाडी चकचकीत रंगात घ्या आणि वर मॅट संरक्षक फिल्म चढवा. दिसणं मॅटचं, खाली मूळ रंग सुरक्षित. कंटाळा आला तर फिल्म काढा. माझं मत विचाराल तर दहातल्या नऊ जणांनी हेच करावं.

उघडा कार्बन हा शेवटचा प्रकार. यात रंग नसतो, विणकामच दिसतं. पैसे लागतात ते विणीच्या रेषा एका पॅनेलवरून दुसऱ्यावर जुळवायला. पाहणी करताना बॉनेटच्या मधोमध नजर लावा. दोन्ही बाजूंच्या तिरप्या रेषा मध्ये नीट टोकाला मिळाल्या पाहिजेत. वरचा लेप कमी प्रतीचा असेल तर उन्हाने खालची राळ पिवळट पडते.

पायरी ४: उजेडात पाहा, पडद्यावर नव्हे

कॉन्फिगरेटर गाळणी म्हणून वापरा, न्यायाधीश म्हणून नाही. गडद नारिंगी, तीव्र हिरवा असे काही रंग साध्या पडद्याच्या रंगमर्यादेतच मावत नाहीत. चमकीचं तर सोडूनच द्या. चांगल्या डीलरकडे रंगाचे नमुने सपाट पत्र्यावर नव्हे तर छोट्या, फुगीर, गाडीच्या अंगासारख्या वळलेल्या तुकड्यावर असतात. तो तुकडा मागून घ्या आणि शोरूमच्या बाहेर या.

तो हातात धरून आधी आडवा करा. हे तुमचं बॉनेट. ते आकाश बघतं. मग उभा करा. हे दार, ते समोरचा रस्ता आणि भिंत बघतं. एकाच रंगाचं बॉनेट आणि दार इतकं वेगळं दिसू शकतं की दोन गाड्या वाटाव्यात. निळ्या मेटॅलिकचा तुकडा आडवा असताना जवळजवळ चंदेरी उजळतो आणि उभा केला की शाईसारखा होतो. मग तुकडा सावकाश फिरवा आणि कडेला रंग काय करतो ते पाहा. रस्त्यावर गाडी बहुतेक वेळा तिरकीच दिसते, त्यामुळे ती कडेची छटा हाच तुमचा खरा रंग.

हाच खेळ चार वेळा करा: कडक उन्हात, ढगाळ हवेत, संध्याकाळी आणि तुमच्या पार्किंगच्या दिव्याखाली. उजेडाची झाक केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा: दुपारचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, घरातला पिवळा दिवा २७००च्या आसपास. दोन रंग एका दिव्याखाली सारखे आणि दुसऱ्याखाली वेगळे दिसतात, हे रंगतज्ज्ञांना नेहमीचं आहे. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांखाली तर बहुतेक सगळे रंग मरतात आणि लाल गाडी तपकिरी-काळी दिसते. शोरूममधले दिवे मात्र चमकी जास्तीत जास्त उठावी अशा बेताने लावलेले असतात.

संध्याकाळची तपासणी टाळू नका. उजेड कमी होत जातो तसे आपले डोळे वेगळ्या पेशींवर विसंबू लागतात. दिवसा आपल्याला ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा पिवळा-हिरवा सगळ्यात उजळ वाटतो, अंधारात हा बिंदू ५०७कडे, म्हणजे निळ्या-हिरव्याकडे सरकतो. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. परिणामी तिन्हीसांजेला लाल गाडी झपाट्याने काळवंडते आणि तिच्या शेजारची निळी किंवा हिरवी गाडी मात्र उजळून उठल्यासारखी वाटते. गाडी मुख्यतः संध्याकाळी आणि रात्री बाहेर काढणार असाल तर लाल घेण्याआधी ही एक वेळ बघून घ्या.

आणखी एक फसवणूक आकाराची. लहान तुकड्यावर पाहिलेला रंग मोठ्या अंगावर अधिक उजळ आणि अधिक भडक वाटतो. तुकड्यावर ‘बरोबर’ वाटणारा हिरवा गाडीवर जरा जास्त होईल; एक पायरी खाली उतरलात तर बहुधा नेमका बसेल. शक्य असेल तर त्याच रंगाची पूर्ण गाडी, भले दुसऱ्या मॉडेलची असो, प्रत्यक्ष पाहाच. आणि ती ओली असताना व मळलेली असतानाही पाहा. धूळ सगळ्यात कमी दाखवणारे चंदेरी, मधले राखाडी आणि फिके मातकट रंग. सगळ्यात जास्त दाखवणारा काळा, त्याच्या पाठोपाठ गडद निळा.

उष्णतेचाही विचार करा. २०११ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी एकाच मॉडेलच्या काळ्या आणि चंदेरी गाड्या उन्हात ठेवून मोजल्या. काळीचं छत २५ अंश सेल्सिअसपर्यंत जास्त तापलं आणि आतली हवा ५-६ अंशांनी जास्त गरम झाली. पाठीमागे इंजिन, डोक्यावर तिरपी मोठी काच अशा लहानशा कॅबिनमध्ये हे अंश जाणवतात.

पायरी ५: घराण्याचा मान ठेवा, पण गुलामी नको

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय शर्यतींत गाडीचा रंग देशावरून ठरू लागला: फ्रान्स निळा, ब्रिटन हिरवा, इटली लाल, बेल्जियम पिवळा, जर्मनी पांढरा. जर्मनीचा पांढरा १९३४ पासून चंदेरी झाला. ७५० किलोची वजनमर्यादा गाठायला आदल्या रात्री रंग खरवडून काढला, ही त्यामागची लाडकी गोष्ट. इतिहासकार ती फारशी मानत नाहीत, पण गोष्ट इतकी झकास आहे की ती मरत नाही.

ही परंपरा आजही कामाची आहे, कारण काही गाड्यांची अंगं पिढ्यान्‌पिढ्या त्या रंगात पाहून आपली नजर तयार झाली आहे. फेरारी एफ४० कारखान्यातून अधिकृतपणे लालच मिळायची. पण लाल म्हणजेच फेरारी असंही नाही. तिच्या बोधचिन्हाची पार्श्वभूमी पिवळी आहे, तो मोदेना शहराचा रंग. १९६४ साली जॉन सर्टीस फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला तेव्हा मोसमातल्या शेवटच्या दोन शर्यतींत त्याची फेरारी निळी-पांढरी होती. मॅक्लारेनचा पपया नारिंगी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासूनचा. फिका निळा आणि त्यावर नारिंगी पट्टा ही जोडी फोर्ड जीटी४०ने १९६८ आणि १९६९ची ले माँची २४ तासांची शर्यत जिंकून अमर केली.

यातून दोन सूचना. वारशाचा रंग घ्यायचा तर बाकी गाडी साधी ठेवा. त्यावर आणखी पट्टे, आकडे, स्टिकर चढवले की शर्यतीची गाडी सोडून जाहिरातीचा फलक होतो. आणि एका घराण्याचा रंग दुसऱ्याच्या अंगावर चढवताना सांभाळा. पपया नारिंगी फेरारी होऊ शकते, पण पार्किंगमध्ये प्रत्येक जाणकार त्यावर एक वाक्य बोलून जाईल. ते हसून ऐकायची तयारी असेल तर खुशाल.

गाडी बाजारात आणताना कंपनीने जो रंग वापरला तोही लक्षात घ्या. पोर्शेने ९९१ पिढीची जीटी३ आरएस लाव्हा नारिंगीत आणली, पुढची सुधारित आवृत्ती सरड्यासारख्या हिरव्यात. असे रंग त्या अंगासाठीच निवडलेले असतात, म्हणून सहसा चुकत नाहीत. तोटा एवढाच की सगळ्या फोटोंत तीच गाडी असते.

पायरी ६: जोडीदार: चाकं, कॅलिपर, आतला भाग

इथे नियम एकच: गाडीवर बोलका घटक एकच ठेवा. भडक रंग असेल तर कॅलिपर काळे, चाकं गडद किंवा चंदेरी, आत शांत लेदर. शांत राखाडी किंवा गडद हिरवा असेल तर आतमध्ये हवं तेवढं धाडस करा. हिरव्याच्या आत तपकिरी लेदर ही जुनी जोडी कधीच म्हातारी होत नाही.

काही कंपन्यांत कॅलिपरच्या रंगालाही अर्थ असतो. पोर्शेचे पिवळे कॅलिपर म्हणजे परंपरेने सिरॅमिक ब्रेक. नुसते रंगवून घेतलेले पिवळे जाणकार लगेच ओळखतात. सिरॅमिक ब्रेकची भुकटी कमी उडते, त्यामुळे फिकी चाकं हवी असतील तर त्यांच्याबरोबर सांभाळायला सोपी जातात.

पायरी ७: यादीबाहेरचा रंग हवा असेल तर

पोर्शेचा पेंट टू सॅम्पल, लॅम्बोर्गिनीचा ॲड पर्सोनाम, मॅक्लारेनचा एमएसओ, ॲस्टन मार्टिनचा क्यू, सगळे पैसे घेऊन वेगळा रंग देतात. यात दोन पातळ्या असतात. कंपनीने आधीच तपासून ठेवलेले जुने-नवे खास रंग तुलनेने सोपे. अगदी नवा, तुम्ही आणलेल्या नमुन्यावरून बनवायचा रंग मात्र चाचण्यांतून जातो: ऊन, ओल, वेगवेगळ्या पॅनेलवर एकसारखा बसणं. त्याला काही महिने सहज जातात आणि शेवटी नकारही येऊ शकतो.

एकसारखं बसणं का अवघड? धातूच्या अंगावरचा रंग साधारण १४० अंशांवर भाजतात. प्लॅस्टिकचे बंपर तेवढी उष्णता सोसत नाहीत, ते ८०च्या आसपास. कार्बन, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक अशा तीन पृष्ठभागांवर एकच रंग वेगवेगळ्या भट्ट्यांतून येतो आणि तरी तो सारखा दिसावा लागतो. नवख्या छटेत हे जुळवणं म्हणजे खरी परीक्षा.

रंगद्रव्य पुढे मिळत राहील का, हेही विचारा. झिरालिक नावाचे चमकीचे कण मर्क कंपनी जपानमधल्या ओनाहामाच्या कारखान्यात बनवायची. २०११च्या भूकंपानंतर तो बंद पडला आणि फोर्ड, क्रायस्लरसारख्या कंपन्यांना काही काळे-लाल रंग घेणं तात्पुरतं थांबवावं लागलं. एका कारखान्याच्या चमकीवर अर्ध्या जगाचे रंग अडले.

खास रंगाचा कोड आणि मिश्रणाचं सूत्र लेखी मागून ठेवा. नुसत्या नावावर विसंबू नका. तेच नाव वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या सूत्राने वापरलं गेलेलं असू शकतं.

पायरी ८: पुढे विकायची असेल तर

जगातल्या नव्या गाड्यांपैकी मोठा हिस्सा पांढरा, काळा, राखाडी आणि चंदेरी याच चार रंगांत विकला जातो, त्यात पांढरा आघाडीवर. सुपरकारमध्ये हा हिशोब थोडा उलटा चालतो. राखाडी पटकन विकली जाते, पण तिच्यासाठी कुणी वाट पाहत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची पोर्शे ९६४ कॅरेरा आरएस माणकासारख्या गुलाबी-लाल रंगात मिळायची. त्या काळी अनेकांनी नाकं मुरडली. आज त्याच गाड्यांच्या मागे संग्राहक धावतात. दोन वर्षांत विकायची तर घराण्याचा प्रसिद्ध रंग घ्या, पंधरा वर्षं ठेवायची तर मनातला घ्या. अधलामधला, ‘थोडा वेगळा’ म्हणून घेतलेला रंग दोन्हीकडून पडतो.

पायरी ९: ऑर्डर पक्की करण्याआधी आणि गाडी हातात घेताना

उरलेल्या छटांमधली एक निवडा आणि आठवडाभर तिच्याबद्दल कुणाशी बोलू नका. आठ दिवसांनीही तीच हवीशी वाटली तर ऑर्डर पक्की करा. रंग बदलायची शेवटची तारीख डीलरकडून लेखी घ्या, म्हणजे मधल्या रात्री पडणाऱ्या स्वप्नांना मर्यादा राहते.

गाडी आली की ती ढगाळ उजेडात किंवा सावलीत आधी पाहा, उन्हात नंतर. बंपर आणि फेंडर जिथे मिळतात त्या रेषेवर दोन्ही बाजूंनी तिरकी नजर लावा. प्लॅस्टिक आणि धातूतला फरक तिथेच दिसतो. थोडा असतोच, पण समोरून चालत येताना तो जाणवत असेल तर ताबा घेण्याआधी बोला. छतावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. त्याच्या कडा लाटांसारख्या तुटक दिसल्या तर त्याला ऑरेंज पील म्हणतात. तो सगळ्या अंगावर सारखा असेल तर कारखान्याचा, एकाच पॅनेलवर असेल तर ते पॅनेल पुन्हा रंगवलेलं असण्याची शक्यता दाट. थराची जाडी मोजून घ्या, मात्र साधं चुंबकी यंत्र कार्बनवर चालत नाही, तिथे अल्ट्रासॉनिक यंत्र लागतं.

संरक्षक फिल्म लगेच लावा. कारखान्यात भाजलेला रंग पूर्ण वाळलेला असतो, त्यामुळे थांबायचं कारण नाही. पुन्हा रंगवलेल्या पॅनेलला मात्र काही आठवडे मोकळं सोडावं लागतं. फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची, म्हणजे खालच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. पांढऱ्या गाडीवर स्वस्त फिल्म पिवळी पडलेली लगेच दिसते आणि काळ्यावर तिच्या कडेला जमलेली धूळ दिसते, म्हणून या दोन रंगांत कडा पॅनेलच्या आत दुमडून घ्यायला सांगा. आणि फिल्म चढवण्याआधी जाडीचे आकडे पॅनेलनिहाय लिहून त्यावर तारीख टाका. विकताना विचारणारा पहिला प्रश्न तोच विचारतो.